जड गाडी, शांत चाल

विद्युत मोटारीविषयीची बहुतेक चर्चा एका चार्जिंगमध्ये ती किती किलोमीटर धावते आणि बॅटरी किती वर्षे टिकते या दोन प्रश्नांभोवती फिरते. रोज गाडीत बसणाऱ्याच्या कमरेला आणि मानेला जाणवणारा तिसरा प्रश्न मात्र मागे राहतो : ही गाडी खड्ड्यातून, गतिरोधकावरून आणि वळणावरून कशी जाते? त्याचे उत्तर चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या सस्पेन्शन या यंत्रणेत आहे. तिच्यात योग्य बदल केले तर गाडीचा आरामही वाढतो आणि पकडही सुधारते. पण त्यासाठी बॅटरीच्या वजनाने गाडीच्या स्वभावात काय फरक पडतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होणाऱ्या आणि जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या गाडीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या नेक्सॉनचे वजन सुमारे १,२४० किलो होते, तर त्याच सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या विद्युत गाडीचे सुमारे १,४०० किलो, म्हणजे साधारण १३ टक्क्यांनी अधिक. हे वजन उचलून धरण्याचे काम स्प्रिंगचे असते. स्प्रिंग तीच ठेवून वजन वाढवले तर गाडी खाली बसते आणि खड्ड्यात चाकाला वर सरकायला उरणारी जागा कमी होते, म्हणून निर्मात्याला वजनाच्या प्रमाणात स्प्रिंगही कडक करावी लागते.

स्प्रिंगवर ठेवलेले कोणतेही वजन एकदा हलवले की ठरावीक गतीने खालीवर होत राहते. या गतीला त्याची नैसर्गिक वारंवारता म्हणतात आणि ती एका सेकंदातील हेलकाव्यांच्या संख्येने, म्हणजे हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला एक ते दीड हेलकावा ही आरामदायी गाडीची चाल मानली जाते, तर ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना बसलेल्या माणसाचे शरीर सर्वांत अधिक संवेदनशील असते आणि तीच कंपने लांबच्या प्रवासात थकवा आणतात. मात्र मऊपणाची किंमत जागेत मोजावी लागते. साध्या स्प्रिंगच्या हिशेबाने १ हर्ट्झच्या चालीसाठी ती स्प्रिंग गाडीच्या स्वतःच्या वजनाखाली सुमारे २५ सेंटिमीटर दबावी लागते, दीड हर्ट्झसाठी ११ सेंटिमीटर, तर २ हर्ट्झसाठी ६ सेंटिमीटर पुरतात. जमिनीपासूनची उंची आणि चाकाच्या हालचालीची जागा मर्यादित असल्यामुळे गाडी हवी तितकी मऊ करता येत नाही.

एकट्या स्प्रिंगच्या भरवशावर सोडलेली गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर बराच वेळ डोलत राहील. हे डोलणे थांबवणारा भाग म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ‘शॉकअप’ म्हटले जाते. त्याच्या नळकांड्यात तेल भरलेले असते आणि त्यातून सरकणाऱ्या दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून व झडपांतून ते तेल दाबाने वाहते. तेलाच्या या अडथळ्यामुळे हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हेलकावा विझतो. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर हालचाल शमवतो, अशी ही कामाची वाटणी आहे. वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा हे दोन्ही १३ टक्क्यांनी वाढले तर हेलकाव्याची गती तीच राहते, पण तो तितक्याच लवकर विझवण्यासाठी शमनाचा जोरही १३ टक्क्यांनी वाढावा लागतो. म्हणूनच केवळ स्प्रिंग बदलून शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनाच ठेवला तर गाडी कडकही लागते आणि डोलतही राहते.

वजनाची दुसरी बाजू मात्र विद्युत गाडीच्या पथ्यावर पडते. बॅटरी जमिनीलगत, प्रवाशांच्या पायांखाली बसवलेली असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. डावी आणि उजवी चाके जोडून कलणे रोखणारी लोखंडी दांडी, जिला अँटी-रोल बार म्हणतात, ती फार जाड असली तर एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि प्रवाशांची डोकी आडवी हलतात. गुरुत्वमध्य खाली असलेल्या गाडीत या दांडीवर कमी विसंबून चालते. याउलट, पेडलवरचा पाय काढताच मोटर ब्रेकचे काम करू लागते तेव्हा आणि वेग घेताना मोटर क्षणात पूर्ण जोर देते तेव्हा गाडी पुढे-मागे झुकते. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सस्पेन्शनच्या सांध्यांतील झिजलेल्या रबरी बुशचा खडखडाट या गाडीत लपून राहत नाही.

टेस्लाच्या मॉडेल ३ या गाडीचा प्रवास या बाबतीत उद्‍बोधक आहे. तिची विक्री २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा वळणावरच्या चपळाईचे कौतुक झाले, पण खराब रस्त्यावरच्या कडक चालीविषयी तक्रारीही झाल्या आणि अधिक आरामदायी शॉक अ‍ॅब्सॉर्बर व स्प्रिंग यांचे संच विकणाऱ्या स्वतंत्र उत्पादकांना तिच्या मालकांमध्ये चांगली बाजारपेठ मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या सुधारित गाडीत कंपनीने स्वतःच वारंवारतेनुसार वागणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. त्यांच्या रचनेत मुख्य झडपेच्या जोडीला एक वेगळी वाट असते : रस्त्याच्या बारीक, जलद कंपनांच्या वेळी तेल त्या वाटेने सहज निसटते आणि धक्का सौम्य होतो, पण वळणावर किंवा ब्रेक लावताना गाडी सावकाश झुकू लागली की ती वाट हळूहळू बंद होते आणि अडथळा वाढतो. यासाठी संवेदक लागत नाही, संगणकही लागत नाही. याच धर्तीची मांडणी असलेली मॉडेल वाय ही गाडी जुलै २०२५ पासून मुंबईत विकली जाऊ लागली आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या गाडीच्या वरच्या आवृत्तीत याहून पुढचा, म्हणजे विद्युत संकेतांनी शमनाचा जोर सतत बदलणारा अर्धसक्रिय प्रकार दिला जातो.

सुधारणा करू इच्छिणाऱ्या मालकाने कामांचा क्रम मात्र स्वस्ताकडून महागाकडे आणि मऊ भागांकडून कडक भागांकडे ठेवावा. धक्का सर्वप्रथम झेलणारी स्प्रिंग म्हणजे टायरमधली हवा, त्यामुळे दारावरच्या पट्टीवर छापलेला दाब थंड टायरमध्ये तपासणे ही पहिली पायरी ठरते. टायर बदलताना अधिक वजन पेलणारा, निर्मात्याने सांगितलेल्या भारांकाचाच टायर घ्यावा. मोठ्या रिमचा मोह तर कटाक्षाने टाळावा. नेक्सॉन ईव्हीच्या २१५/६० आर१६ या टायरची बाजूची भिंत सुमारे १२९ मिलिमीटर उंच असते, आणि बाहेरचा व्यास तोच ठेवून १८ इंची रिम बसवली तर ती १०४ मिलिमीटरच उरते. धक्का जिरवणारी २५ मिलिमीटर जागा अशा रीतीने दिखाव्यावर खर्च होते. रिम जड असेल तर स्प्रिंगखालचे, म्हणजे चाकासोबत उसळणारे वजनही वाढते, आणि ते जितके अधिक, तितके चाक रस्त्याला धरून राहणे अवघड होते.

यानंतर बुश, बॉल जॉइंट आणि व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे आणि मगच चांगल्या प्रतीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर खर्च करावा. शक्यतो चारही एकदम बदलावेत आणि निदान एकाच धुरीवरची जोडी तरी एकत्र बदलावी. दाबलेला नायट्रोजन वायू आणि तेल एकाच नळीत ठेवणारी एकनळी रचना उष्णता लवकर बाहेर टाकते आणि तेलात फेस होऊ देत नाही, त्यामुळे घाटात किंवा लांब खराब रस्त्यावर तिचे शमन टिकून राहते. स्प्रिंग बदलायचीच असेल तर मागची चाल पुढच्यापेक्षा किंचित जलद राहील असे पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, अडीच मीटर धुरीअंतराच्या गाडीचे मागचे चाक त्याच उंचवट्यावर ०.१५ सेकंद उशिरा पोहोचते, आणि मागची बाजू थोडी वेगाने हलली तरच ती पुढच्या बाजूला गाठून गाडी सपाट ठेवू शकते.

गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा मात्र भारतीय रस्त्यांसाठी चुकीची निवड आहेत. चाकाच्या हालचालीची जागा एक तृतीयांशाने घटली तर तोच धक्का आपटल्याशिवाय जिरवण्यासाठी स्प्रिंग सव्वादोन पट कडक लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, पण गल्लोगल्ली आढळणारे अरुंद, उभट उंचवटे या मापात बसत नाहीत, आणि खाली झुकलेल्या विद्युत गाडीत त्यांच्या तडाख्यात सापडते ती सर्वांत महाग वस्तू, म्हणजे बॅटरी.

कायद्याची चौकटही ध्यानात घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे उंची आणि मांडणी मूळची ठेवून, मूळ जागी बसणारे चांगले भाग निवडणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि वॉरंटी व विम्याच्या अटी आधी लेखी स्वरूपात तपासणेही तितकेच आवश्यक आहे.

कडक गाडी म्हणजे पकड असलेली गाडी हा समज फार जुना आहे, पण उसळून रस्ता सोडणारे चाक वळूही शकत नाही आणि थांबूही शकत नाही. टायर रस्त्याला सतत टेकलेला राहिला की सुरक्षितता वाढते आणि त्याच कारणाने मागच्या आसनावरच्या वृद्धाची पाठही सांभाळली जाते. बॅटरीचे वजन टाळता येत नसले तरी ते सावरून नेणे माणसाच्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात टायरमधली हवा तपासण्यापासून होते.