अल्ब्युमिन निरंक

22 मे, जागतिक प्रीएक्लॅम्पसिया दिन. गरोदरपणात बीपी चढतं, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन उतरतं आणि वेळीच धरलं नाही तर झटके येतात, तो हा आजार. यंदाही बॅनर लागला, भाषणं झाली, फोटो निघाले. त्याच आठवड्यात नात्यातली एक सून गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड घेऊन घरी आली. प्रत्येक भेटीपुढे एकाच वळणाचं अक्षर: अल्ब्युमिन निरंक. मी विचारलं, लघवी कशात दिलीस गं? म्हणाली, "मावशी, बाटली मागितलीच नाही कोणी." म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बायांच्या आरोग्याच्या कामाची गोष्ट सांगायची, तर सुरुवातीच्या वर्षांत फार रमण्यासारखं काही नाही. 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. 1986 मध्ये डॉक्टर बंग दांपत्याने तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासाने खेड्यातल्या बायांची दुखणी जगापुढे आणली. आम्हा सरकारी सिस्टरांच्या डोक्यावर मात्र कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या टार्गेटचं ओझं होतं. ते 1996 मध्ये उतरलं. पुढे चला.

माझा काळ नव्वदीचा. बल्लारपूरजवळचं उपकेंद्र, पत्र्याचं छत, स्पिरिटचा दिवा. लघवी तपासायच्या पट्ट्या आल्या तर आल्या, नाहीतर काचेची नळी. नळी पाऊणभर भरायची, तिरपी धरून फक्त वरचा भाग तापवायचा आणि खालच्या स्वच्छ लघवीशी ताडून पाहायचा. गढूळ झाली तर ॲसिटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. जास्त असलं तर फाटलेल्या दुधासारखे गोळे दिसत. वास यायचा, बोटं भाजायची. पण नळी तापेपर्यंत पोर समोर बसलेली असायची. डोकं दुखतं का, डोळ्यापुढे अंधारी येते का, बरगडीखाली कळ येते का, हे सगळं तेवढ्यात विचारून व्हायचं. "पाय तं सुजतेच बाई, त्याचं काय?" हे उत्तर ठरलेलं. मग बीपीचा पट्टा बांधायचा. वीस आठवड्यांनंतर 140/90 आणि नळीत गोळे, एवढं दिसलं की चंद्रपूरची चिठ्ठी.

चिठ्ठी देणं सोपं होतं, जाणं नव्हतं. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुऱ्याकडचा पूल बंद. झटके सुरू झालेल्या बाईला नातेवाईक आधी देवऋषाकडे नेत आणि मग कोळशाच्या ट्रकला हात करत. आमच्याकडे झटक्यांसाठी काम्पोजचं इंजेक्शन, फार तर बीपीसाठी डेपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली. 1995-96 मध्ये गडचिरोलीच्या 39 गावांत 772 बाळंतिणींचा मागोवा घेतला गेला तेव्हा निम्म्याहून अधिक जणींना बाळंतपणात किंवा नंतर काहीतरी दुखणं निघालं. आम्हाला नवल वाटलं नाही. वर मात्र वाटायचं. एका आढावा बैठकीत एका साहेबांनी सर्वांसमोर विचारलं, "बाकीच्यांकडे सगळं निरंक, तुमच्याच उपकेंद्रात अल्ब्युमिन कसं निघतं?" मी म्हटलं, "साहेब, आम्ही दिवा पेटवतो." तो शेरा माझ्या गोपनीय अहवालात गेला. साहेब पुढे बढतीवर गेले.

नंतरचं झपाट्याने झालं. 2002 च्या मॅगपाय अभ्यासाने मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांचा धोका निम्म्यावर आणतं हे सिद्ध केलं. 2005 नंतर आशाताई आल्या, 2014 मध्ये 108 रुग्णवाहिका आली, 2015 मध्ये चंद्रपूरला मेडिकल कॉलेज. नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि डागा रुग्णालयात 894 बायांवर झालेल्या अभ्यासाने 2019 मध्ये दाखवलं की वाढलेलं बीपी तोंडी गोळ्यांनीही उतरवता येतं. त्यातली मेथिलडोपा तर जुनी आणि स्वस्त.

आता लघवीतल्या नव्या खुणांचा बोलबाला आहे. कारण खरं आहे: अल्ब्युमिन उशिरा येतं. बिघाड आधी वारेत होतो, तिथून निघालेली द्रव्यं रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात आणि मूत्रपिंडाची गाळणी त्यानंतर गळते. वारेतून येणारा पीएलजीएफ हा छोटा रेणू गाळणीतून सहज उतरतो. तो लघवीत कमी असला की धोका वाढतो, हे 2005 मध्ये दिसलं. 2014 मध्ये काँगो रेड आलं. सुती कापडाचा हा जुना रंग आजारी बाईच्या लघवीतल्या चुकीच्या घडीच्या प्रथिनांना चिकटतो. कागदावर थेंब टाकून काही मिनिटांत कळतं. मला हे शोध आवडतात. माझ्या दिव्यापेक्षा नक्कीच बरे.

पण नुसत्या साधनांनी भागत नाही. याच आजारासाठी बेळगाव-बागलकोटकडे आशाताईंच्या हाती मोबाइल, बीपीचं यंत्र आणि औषध देऊन मोठा प्रयोग झाला. पाकिस्तान आणि मोझांबिकसह त्याचे एकत्र निकाल 2020 मध्ये आले, तेव्हा एकूण गुंतागुंत घटलेली दिसली नाही. ज्या बायांना आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या, त्यांच्यात फायद्याच्या खुणा होत्या. भेटी, बाई, भेटी!

आणि आपल्याकडचं ऊन. पट्ट्यांच्या डबीवर 30 अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. मेमध्ये इथे पारा 45 ओलांडतो. पाणी कमी पिणाऱ्या मजूर बाईची लघवी इतकी दाट असते की पट्टी उगीच रंग दाखवते. सिकलसेलच्या आजाराने मूत्रपिंड पोखरलेल्या बाईच्या लघवीत गरोदरपणाआधीच अल्ब्युमिन असू शकतं, आणि सिकल आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी माहीत आहे. काँगो रेडचा कागद मुंबई-पुण्यात वातानुकूलित खोलीत पास करून आमच्याकडे पाठवू नका. आधी तो मेच्या दुपारी कोठारीच्या, गोंडपिपरीच्या उपकेंद्रात वापरून बघा, सिकल असलेल्या बायांवरही.