विश्लेषण : मोबाइलवर सरकारी धोरणावर टीका केली तर गुन्हा होतो का? कोल्हापूरच्या ‘स्टेटस’चा निकाल काय सांगतो?

लाडकी बहीण योजना, पहिलीपासूनची हिंदी, आरक्षण, महामार्गासाठी जाणारी जमीन... ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा माणसांशी रोज मोबाइलवर हमरीतुमरी होते. बहुतेक वाद दोन शिव्या आणि एका ‘ब्लॉक’वर संपतात. काही मात्र पोलीस ठाण्यापर्यंत जातात. ‘तुझ्यावर केस टाकतो’ या धमकीला कायद्याचा आधार किती, याची उत्तरे गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी दिली आहेत. त्यातली बरीचशी महाराष्ट्रातल्याच प्रकरणांतून आली आहेत.

कोल्हापूरचे प्रकरण काय होते?

कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवले. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी ‘काळा दिवस’ असल्याचे त्यात म्हटले होते. अनुच्छेद ३७० हटवल्याने आपण खूश नाही, असेही लिहिले होते आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. हे प्राध्यापक पालक आणि शिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येही होते. हातकणंगले पोलिसांनी त्यांच्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५३अ खाली, म्हणजे समाजात तेढ निर्माण केल्याचा गुन्हा दाखल केला. 

गुन्हा रद्द करावा म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. पाकिस्तानला दिलेल्या शुभेच्छा या कलमात बसत नाहीत, हे उच्च न्यायालयाला मान्य झाले. पण ‘काळा दिवस’ हा भाग बसू शकतो, असे म्हणत एप्रिल २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली. अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस २४ तासांत आपोआप पुसले जाते. या स्टेटसवरचा गुन्हा पुसायला मात्र दीड वर्षाहून अधिक काळ आणि दोन न्यायालये लागली.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सरळ भूमिका घेतली. अनुच्छेद ३७० हटवण्याच्या किंवा सरकारच्या कोणत्याही निर्णयावर टीका करण्याचा आणि त्या निर्णयाबद्दल नाराजी व्यक्त करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. सरकारच्या कृतीवरची प्रत्येक टीका कलम १५३अ खाली गुन्हा ठरू लागली, तर राज्यघटनेला अभिप्रेत असलेली लोकशाहीच टिकणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय, त्यावरची वाजवी बंधने कोणती, हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असा शेराही निकालात आहे.

वाद घालणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वात कामाचा मुद्दा निकालात पुढे येतो. एखादा मजकूर वाचून चार-दोन माणसांच्या मनात राग किंवा द्वेष आला, एवढ्याने गुन्हा होत नाही. समंजस माणसांवर, तेही लक्षणीय संख्येने, त्याचा काय परिणाम होईल हे पाहायचे. ‘माझ्या भावना दुखावल्या’ हे वाक्य तक्रारीत रोज असते. कायद्याची मोजपट्टी तक्रारदाराच्या भावनेची नाही.

ही मोजपट्टी आली कुठून?

नागपुरातून. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ला प्रकरणात ती घालून दिली. शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर आणि धीट मनाचा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. दुबळ्या, डळमळीत मनाचा किंवा विरोधी मत दिसले की संकटाचा वास येणारा माणूस नव्हे, असा त्याचा आशय. बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. इंग्रजांच्या राज्यातली ही कसोटी कोल्हापूरच्या निकालात वापरली गेली. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये, महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले काँग्रेसचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून जामनगरमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द करतानाही ती वापरली गेली.

मग गुन्हा होतो तरी केव्हा?

२०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : एखाद्या विषयाची चर्चा, त्याचा कैवार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडवट असल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे. बोलणे तिसऱ्या पायरीवर पोहोचले की बंधने लागू होतात. ऐकायला हे सोपे आहे. पण मोबाइलवरचा वाद या पायऱ्या किती चटकन चढतो, हे कोणत्याही ग्रुपमध्ये दिसते.

जुन्या १५३अ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ने घेतली आहे. त्यात धर्म आणि जातीबरोबर भाषा, जन्मस्थान आणि निवासस्थान हेही आधार आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात या यादीचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. पहिलीपासून हिंदीचा एप्रिल २०२५ चा शासन निर्णय जूनअखेर मागे घेतला गेला, तोवर समाजमाध्यमांवर रणकंदन झाले. ‘पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नका’ किंवा उलट ‘तिसऱ्या भाषेने काही बिघडत नाही’ हा धोरणावरचा वाद. त्यात सरकारला मूर्ख म्हटले तरी तो धोरणावरचाच राहतो. ‘अमुक भाषा बोलणारे दिसले की ठोका’ हे वाक्य मात्र धोरणाविषयी नाही, माणसांच्या एका समूहाविषयी आहे. आरक्षणाच्या वादात तर ही सीमा पाच-सहा प्रतिसादांतच ओलांडली जाते. सुरुवात टक्केवारी, ५० टक्क्यांची मर्यादा आणि नोंदींपासून होते आणि शेवट समोरच्याचे आडनाव काढण्यावर होतो.

या कलमासाठी किमान दोन समूहांचा संबंध असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच (बिलाल अहमद कालू प्रकरण) स्पष्ट केले आहे. तेढ लावण्याचा हेतूही दिसावा लागतो. मंत्रिमंडळ, महापालिका, एखादे खाते हे या अर्थाने समूह नव्हेत. त्यामुळे ‘हे सरकार नालायक आहे’ हे वाक्य एखाद्या समर्थकाला कितीही झोंबले तरी कलम १९६ च्या चौकटीत बसत नाही.

धोरण सोडून वाद व्यक्तीवर घसरला की कायदेही बदलतात. ‘घरकुल योजना राबवण्यात घोळ आहे’ हे मत झाले. ‘अमुक सरपंचाने घरकुलाचे पैसे खाल्ले’ हा आरोप झाला आणि तो सिद्ध करता आला नाही तर अब्रुनुकसानीचे कलम ३५६ उभे राहते. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून अटक करू शकत नाहीत. तक्रारदाराला न्यायालयात जावे लागते. महिलेला उद्देशून अश्लील लिहिणे आणि जिवे मारण्याची धमकी देणे यांसाठी वेगळी कलमे आहेत, तिथे ‘राजकीय चर्चा चालू होती’ हा बचाव नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला जातीवरून अपमानित केल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. त्यात अटकपूर्व जामिनाची वाट कायद्यानेच जवळपास बंद केली आहे.

पालघरमध्ये तर फक्त पोस्ट आणि लाइक होते...

नोव्हेंबर २०१२. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली, नातेवाईकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर टीका झाल्यावर पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबन झाले आणि पुढे गुन्हाही रद्द झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा तेव्हा वापर झाला, त्यात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे कशालाही लागू पडणारे शब्द होते. याच अटकेमुळे अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी हे कलम पूर्ण रद्द झाले.

मेलेले कलम वापरात मात्र राहिले. अनेक राज्यांत पोलीस ६६अ खाली गुन्हे नोंदवतच होते. त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. आजही कोणी ‘६६अ लावतो’ म्हणत असेल, तर त्याची माहिती दहा वर्षे जुनी आहे.

लाइक, फॉरवर्ड आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन?

पोस्ट लाइक करणे म्हणजे ती प्रसिद्ध करणे नव्हे, शेअर करणे म्हणजे प्रसार करणे, असा फरक अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये केला. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अश्लीलतेविषयीच्या कलम ६७ च्या संदर्भात होता, हे लक्षात ठेवायला हवे.

‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव कमकुवत आहे. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांविषयीचा आक्षेपार्ह मजकूर पुढे पाठवला, नंतर काढला, माफीही मागितली. तरीही २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने गुन्हे रद्द करण्यास नकार दिला. पाठवलेला संदेश धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा असतो, असे न्यायालय म्हणाले. सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही.

ग्रुपमधील सदस्याच्या संदेशासाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात दिला. दोघांचा संगनमताचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅडमिनच्या हाती सदस्य जोडणे किंवा काढणे एवढेच असते, असा त्यातला एक आधार होता. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. त्यामुळे हा आधार उद्याच्या एखाद्या प्रकरणात तितकाच भक्कम ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

तक्रार झाली तर पोलिसांनी काय करायचे असते?

समोरचा अनोळखी माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, अगदी दुसऱ्या राज्यातला असला तरी तो तक्रार देऊ शकतो. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. ती ऑनलाइनही देता येते. तीन दिवसांत सही करावी लागते.

त्याच संहितेच्या कलम १७३(३) मध्ये मात्र एक गाळणीही आहे. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवायचा की नाही, हे ठरवता येते. बोलण्या-लिहिण्याविषयीच्या तक्रारींत अशी चौकशी करणे केव्हाही योग्य, असे प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेले आहे. साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते.

प्रत्यक्षात काय घडते, ते मे २०२५ मध्ये पुण्यात दिसले. ‘ऑपरेशन सिंदूर’वरील पोस्ट शेअर केलेल्या १९ वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ती लगेच काढली, माफी मागितली. तरी तिला अटक झाली आणि महाविद्यालयाने काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला खडे बोल सुनावत २७ मे रोजी तिच्या सुटकेचे आदेश दिले आणि महाविद्यालयाची कारवाईही रोखली, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली. तोवर तिचे दोन आठवड्यांहून अधिक दिवस कोठडीत गेले होते.

सरकारी नोकरांनाही हेच स्वातंत्र्य आहे का?

नाही. त्यांच्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने समाजमाध्यमांसाठी ते आणखी स्पष्ट केले : राज्य किंवा केंद्राच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा. कंत्राटी कर्मचारीही त्यात आले. त्यांच्यासाठी धोका पोलीस ठाण्यापेक्षा विभागीय चौकशीचा अधिक आहे.

नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरच आली तर?

फौजदारी तपासात हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅप किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सर्व राज्यांना सांगितले आहे. पोलिसांचा शिक्का लावून ‘तुमच्या पोस्टवर गुन्हा झाला आहे, प्रकरण मिटवायचे तर पैसे पाठवा’ असा संदेश आला, तर तो फसवणुकीचा प्रकार समजून १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवता येतो. नोटीस हाती मिळाली, तर ती टाळणे महागात पडते. दिलेल्या तारखेला हजर न राहणे हे अटकेचे कारण होऊ शकते.