तिथी नसलेला पाहुणा : कोचीचा एक मुक्काम

आजचा विषय शिडाच्या होड्यांचा आहे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे काय म्हणून, असं तुम्हाला वाटलं असेल. थोडा धीर धरा, वाटेत कांट भेटणार आहे.

‘अतिथी’ या शब्दाची आपल्याकडची रूढ फोड तुम्हाला ठाऊकच आहे : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. हल्ली असा अतिथी दुर्मीळ झालाय. पाहुणे फोन करून येतात, विमानाची वेळ कळवतात. पण डिसेंबर 2008 मध्ये कोची शहरात असे सात-आठ खरेखुरे अतिथी उतरले होते. व्होल्वो ओशन रेस ही पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत पहिल्यांदाच भारताच्या किनाऱ्याला लागली होती. होड्या 15 नोव्हेंबरला केपटाउनहून निघाल्या. कोचीला कधी पोचणार? ते वाऱ्याच्या हातात. अंतर साधारण साडेचार हजार सागरी मैल, मध्ये विषुववृत्ताजवळचा तो वारा पडलेला पट्टा. तिथं होडी तासन् तास एका जागी डुलत राहू शकते. यजमानानं हार घेऊन धक्क्यावर उभं राहायचं ते किती वाजता? उत्तर नाही.

मात्र जाण्याची तिथी पक्की होती, 13 डिसेंबर. येणं अनिश्चित आणि जाणं निश्चित. आपल्या घरच्या पाहुण्यांचं बरोबर उलट असतं, असं कुणी म्हणेल, ते असो.

आता हा ‘मुक्काम’ म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. कारण शर्यतीत थांबायचंच कशाला, हा प्रश्न साधा नाही. 1968 साली इंग्लंडमध्ये गोल्डन ग्लोब नावाची शर्यत झाली. एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारायची. नऊजण निघाले, पूर्ण केली एकानंच : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांत. त्यांची ‘सुहेली’ ही होडी आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच माणूस जिंकण्याच्या बेतात होता, आणि त्यानं युरोपकडे वळायचं सोडून होडी पुढं हाकली ती थेट ताहितीपर्यंत. न थांबण्याची नशा चढली की शेवटची रेषासुद्धा थांबा वाटायला लागते. म्वातेसिएवर वेगळं व्याख्यान द्यायला हवं.

पुढं 1973 मध्ये व्हिटब्रेड शर्यत सुरू झाली, आजच्या शर्यतीची आजी म्हणा. तिनं निराळं सूत्र धरलं : खलाशांचा चमू आणि वाटेत केपटाउन, सिडनी, रिओ असे मुक्काम. प्रदक्षिणेचे टप्पे पडले. होडी बंदरात शिरली की तो टप्पा संपला. पुढचे दिवस शर्यतीच्या हिशेबात नाहीत. 2008 पर्यंत तर वेळेची बेरीजही गेली, प्रत्येक टप्प्याला गुण मिळू लागले. म्हणजे बघा, घड्याळातला काळ चालू आहे, शर्यतीचा काळ बंद आहे. या मधल्या काळात शिडं शिवली जातात, डोलकाठी तपासली जाते, माणसं कोरडे कपडे घालून पलंगावर झोपतात. सत्तर फुटी होडी आणि तिच्यावर अकरा माणसं. पंधरा दिवस पाळीपाळीनं झोपायचं आणि पाण्यात भिजवलेलं कोरडं अन्न खायचं. याच होड्यांपैकी ‘एरिक्सन 4’ने त्या शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात चोवीस तासांत 596.6 सागरी मैल कापले होते, अकराशे किलोमीटरहून जास्त, आणि तेही निव्वळ वाऱ्यावर! कोचीचा टप्पाही तिनंच जिंकला.

पण कोचीच का? जुना मार्ग केपटाउनहून सरळ दक्षिण महासागरातून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जायचा. तिथं वारा भरपूर. या वेळी शर्यत उत्तरेला वळवली : कोची, सिंगापूर, चीनमधलं चिंगदाओ. कारण उघड आहे. होड्यांच्या शिडांवर कंपन्यांची नावं होती आणि त्या कंपन्यांना गिऱ्हाईक आशियात दिसत होतं. वाऱ्यानं नाही, बाजारानं नकाशा काढला. त्याची किंमत खलाशांनी मोजली. डिसेंबरात मलबार किनाऱ्यावर मोठा वारा नसतो. पहाटे मतलई, दुपारी खारा, असा जमीन-समुद्राचा रोजचा खेळ. आणि पुढं सिंगापूरहून चीनकडे जाताना ईशान्य मोसमी वारा थेट तोंडावर. त्या टप्प्यात होड्या अक्षरशः मोडल्या.

यजमान शहरालाही हे फुकट मिळत नाही. मुक्काम आपल्याकडे यावा म्हणून शहरं पैसे मोजतात, चढाओढ करतात. शिवाय खोली लागते. या होड्यांचा कणा पाण्याखाली साडेचार मीटर जातो. कोची हे तर गाळाशी भांडत जगणारं बंदर. 1341 च्या पुरानं पेरियार नदीचं तोंड बदललं आणि हे बंदर घडलं, असं सांगतात. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरनं मुखाशी असलेला वाळूचा दांडा कापला, आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं राहिलं. नकाशावर सरळ कडांचं दिसतं ना, ते हेच. पाहुण्याला आत घ्यायचं तर उंबरठा सतत खरवडत राहावं लागतं, अशी ही जागा आहे.

आता कांट. हा गृहस्थ आयुष्यात कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर पडला नाही. पण 1795 मध्ये ‘शाश्वत शांतता’ या निबंधात त्यानं पाहुणचाराचा विचार केला तो पृथ्वीच्या आकारावरून. पृथ्वी गोल आहे, म्हणून माणसं अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत; कधी ना कधी एकमेकांच्या दारात येणारच. म्हणून प्रत्येकाला भेट देण्याचा हक्क आहे : परका म्हणून शत्रू समजलं जाऊ नये, एवढाच. राहण्याचा हक्क मात्र नाही. त्यासाठी वेगळा करार लागतो. आणि पुढं तो युरोपीयांनाच फटकारतो, की तुमच्या लेखी भेट देणं आणि जिंकणं एकच होतं. हिंदुस्थानात व्यापाराच्या नावाखाली फौजा आणल्यात, हेही सुनावतो. चीन-जपाननं दार किलकिलं ठेवलं ते शहाणपणाचंच, असंही म्हणतो.

हे वाचताना मला कोचीच दिसतं. 1500 मध्ये पोर्तुगीज इथं पाहुणे म्हणूनच आले, राजानं वखारीला जागा दिली. 1503 मध्ये त्यांचा किल्ला उभा राहिला! तीन वर्षांत भेटीचा हक्क वस्तीचा झाला. वास्को द गामा 1524 मध्ये याच गावात वारला, इथल्या चर्चमध्ये पुरला गेला. अवशेष पुढं पोर्तुगालला नेले. 1663 मध्ये डच आले, मग इंग्रज. तेव्हा जाण्याची तिथी आधी ठरवून आलेला पाहुणा ही कोचीच्या इतिहासात किरकोळ गोष्ट नाही.

दुसरी बाजूही बघा. होड्या कोचीकडे सरकत होत्या त्याच आठवड्यात, 26 नोव्हेंबरला, मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोर समुद्रातूनच आले, पळवलेल्या मासेमारी नौकेतून. किनाऱ्यावर प्रत्येक होडीकडे संशयानं बघायचे ते दिवस. अशा वेळी परदेशी होड्या आत घेणं म्हणजे परक्याला शत्रू न मानण्याची खरी परीक्षा. कांटचं कलम कागदावर सोपं आहे. पण दारात कोण उभं आहे हे पाहण्याची जबाबदारी यजमानावरच येते आणि मच्छीमाराची रोजची वाटही त्याला मोकळी ठेवावी लागते. त्या डिसेंबरात कोचीनं शर्यतीसाठी दार बंद केलं नाही, याची नोंद मला महत्त्वाची वाटते.

2011-12 च्या शर्यतीत मार्ग अबुधाबीला वळला. तेव्हा हिंदी महासागरात सोमाली चाच्यांचं भय इतकं होतं की वाटेत होड्या मालवाहू जहाजावर चढवून, सशस्त्र पहाऱ्यात, पुढं नेल्या. शिडाची होडी जहाजाच्या पाठीवर! मधल्या बंदराचं नावही आधी गुप्त ठेवलं होतं. येण्याची तिथी तर नव्हतीच, आता गावही सांगायची सोय राहिली नाही.