तणातली शॅस्टा डेझी

अमेरिकेच्या न्यू इंग्लंडात जून आला, की कुरणांत ऑक्स-आय डेझी डोलू लागते. मधोमध पिवळी टिकली, भोवती पांढऱ्या पाकळ्या. युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर आलेलं हे झाड शेतकऱ्यांच्या लेखी मात्र निव्वळ तण. गाईंनी खाल्लं तर दुधालाही त्याचा वास लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४९ साली जन्मलेल्या ल्यूथर बरबँक यांना लहानपणापासून नेमकं हेच तण आवडे.

त्याचा चिवटपणा कशात आहे, ते भिंगातून दिसतं. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो शेवंती-झेंडूसारखाच असंख्य फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक पांढरी ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र मादी फूल. टिकलीतला प्रत्येक पिवळा ठिपका म्हणजे स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही असलेली इवलीशी नळी. या नळ्या कडेकडून मध्याकडे उमलत जातात, त्यामुळे माश्या-मधमाश्यांची ये-जा कित्येक दिवस चालते. फुलागणिक एक बी. रुईच्या म्हातारीसारखे केस नसल्यानं बहुतेक बिया आईच्या पायाशीच पडतात आणि तिथंच रुजतात.

बरबँक यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथं या तणाचा युरोपातल्या दोन टपोऱ्या डेझींशी संकर केला. तरी फुलं हवी तितकी शुभ्र होईनात, म्हणून जपानी डेझीचे पराग आणले. १९०१ साली नवी जात बाजारात आली. बर्फाच्छादित माउंट शॅस्टावरून तिचं नाव पडलं शॅस्टा डेझी.

तिला थंड हवा, भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा हवा. बियांपासून लावली तर पहिल्या वर्षी बहुधा जमिनीलगत पानंच धरतात. पुढच्या उन्हाळ्यात तीन फुटांपर्यंत दांडे चढतात. दोन-तीन वर्षांत गड्डा मधून विरळ होतो. तेव्हा तो उकरून, शेवंतीच्या काश्या लावतो तशा कडेच्या फुटी वेगळ्या करून लावाव्यात. आपोआप उगवलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. चार घराण्यांचं रक्त कधी कुठलं रूप दाखवील, सांगता येत नाही.

मूळची ऑक्स-आय डेझी मात्र काश्मीर खोऱ्यातही पोचली आहे आणि तिथल्या देशी वनस्पतींची जागा बळकावते आहे. थंड प्रदेशात ती लावलीच, तर सुकू लागलेलं फूल बी पिकण्याआधी खुडावं. कुंपणापलीकडे कुणाची तरी गाय चरत असते.