कामगाराचा घरखर्च आणि त्याचा निर्देशांक

निर्देशांक म्हणजे काय

कामगार कुटुंब ठरावीक वर्षी ज्या वस्तू व सेवा जितक्या प्रमाणात घेत होते, तेवढ्याच आज घ्यायच्या तर किती पैसे लागतील, याचे उत्तर ग्राहक किंमत निर्देशांक देतो. ठरावीक वर्ष म्हणजे आधारवर्ष. त्याचा अंक १०० धरतात. औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक केंद्रीय श्रम मंत्रालयाचा लेबर ब्यूरो दरमहा काढतो. सध्याचे आधारवर्ष २०१६ असून देशातील ८८ केंद्रांवर भाव टिपले जातात. गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विड्यांचे गाव असलेले सोलापूर हे त्यांपैकी एक. या अंकातून भाव किती चढले ते समजते. जगायला किती लागते, हा प्रश्न निराळा आहे आणि दोहोंची गल्लत नेहमी होते.

आरंभ: मुंबई, १९२१-२२

मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. खर्चापैकी ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर आणि ७.४ टक्के सरपण व दिवाबत्तीवर जात होता, उरलेला १८.५ टक्के किरकोळीत. या पाहणीचा सर्वांत बोचरा निष्कर्ष मात्र टक्केवारीत नव्हता. कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा कमी होते. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा रूढ दर महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे सालीना ७५ टक्के.

भारांक

सगळ्या वस्तूंच्या भाववाढीची साधी सरासरी काढली तर मीठ आणि ज्वारी यांना सारखेच महत्त्व मिळेल. म्हणून खर्चातील वाट्याप्रमाणे प्रत्येक गटाला भारांक देतात. अन्नगटाचा भारांक १९८२च्या मालिकेत ५७ होता, २००१च्या मालिकेत ४६.२ झाला आणि २०१६च्या मालिकेत पेयांसह ३९.१७ वर आला. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला होता आणि वरवर पाहता हे आकडे त्याला धरूनच आहेत. पण २००१ ते २०१६ या काळात शिक्षण, औषधोपचार, प्रवास, मोबाइल यांचा संकीर्ण गट २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल टाळता येत नसल्याने ताटातला वाटा आकसला असेल, तर त्या घटीला सुबत्ता म्हणता येणार नाही. भारांक हा फरक दाखवत नाही.

सरासरीचा दोषही इथेच दिसतो. अन्न १० टक्क्यांनी महागले आणि बाकी भाव स्थिर राहिले, तर निर्देशांक सुमारे ३.९ टक्के चढतो. ज्या घरात ६० टक्के पैसा किराण्यात आणि भाजीत जातो, त्या घराचा खर्च तेवढ्यातच ६ टक्क्यांनी वाढलेला असतो.

कामगार कोणाला म्हणायचे

भारांक ठरवणाऱ्या पाहणीत निम्मे किंवा अधिक उत्पन्न अंगमेहनतीच्या कामातून मिळवणारी कुटुंबेच घेतली जातात आणि ते कामही सात क्षेत्रांपैकी एकात असावे लागते: कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटारवाहतूक, वीज, बंदरे. कारखाना नोंदणीकृत हवा. सोलापुरात हीच अट अडचणीची ठरते. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यानंतरच्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. काम लहान यंत्रमागांकडे गेले. तेलुगू भाषक पद्मशाली वस्त्यांत हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पाने कमी पडली किंवा माल नापास झाला की ती घटते. गावातला मोठा कष्टकरी वर्ग अशा रीतीने पाहणीच्या व्याख्येबाहेर राहतो, मात्र गावाचा अंक त्यालाही लागू समजला जातो.

घर

घरभाडे दरमहा बदलत नाही, म्हणून त्याची पाहणी सहा महिन्यांनी होते. २०१६च्या मालिकेत घराचा भारांक १६.८७ आहे. सोलापूरच्या कामगारांनी या खर्चावर एक निराळा तोडगा काढला. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी परिसरात विडी कामगार महिलांसाठी कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले. त्यातील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. हक्काचे घर मिळाले की भाडे सुटते, पण वसाहत शहराबाहेर असल्याने कामावर, बाजारात, इस्पितळात जाण्याचे रिक्षा-बसभाडे वाढते. कुटुंबाच्या दृष्टीने ही एकच देवघेव आहे. निर्देशांकात तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या गटांत पडतात.

उपयोग आणि वाद

महागाई भत्ता आणि किमान वेतनातला विशेष भत्ता या अंकावर चालतात, म्हणून दशांशालाही किंमत असते. आधारवर्ष बदलले की जुन्या करारांसाठी जोडगुणक लागतो: २०१६च्या मालिकेतला १२० हा अंक २.८८ ने गुणला की २००१च्या मालिकेतला ३४५.६ मिळतो. १९६०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या कामगार संघटनांनी निर्देशांक भाववाढ कमी दाखवतो, अशी तक्रार केली. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांची समिती नेमली. तक्रारीत तथ्य आढळले आणि अंक वर न्यावा लागला. कर्जाचे व्याज मात्र उपभोगखर्च मानले जात नसल्याने तेव्हाही निर्देशांकात नव्हते आणि आजही नाही.