मोटारीसाठी सिंथेटिक इंजिन ऑइलची निवड : अंबरनाथ पूर्व परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

अंबरनाथ पूर्व भागात राहणाऱ्या अनेक प्राध्यापकांची मोटार घर, महाविद्यालय, बाजार आणि रेल्वे स्थानक एवढ्याच परिघात फिरत असते. वर्षातून एकदा ती दुरुस्तीगृहात जाते आणि तेथे ठरावीक प्रश्न विचारला जातो, "साधे ऑइल टाकू की सिंथेटिक?" याचे उत्तर बहुधा किमतीवरून किंवा मेकॅनिकच्या भरवशावर दिले जाते. चुकीच्या निवडीचा परिणाम लगेच दिसत नाही. तो दिसतो तेव्हा खर्च तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट झालेला असतो. म्हणूनच 'सिंथेटिक' या शब्दाचा अर्थ, डब्यावरील अंकांचा अर्थ आणि आपल्या परिसरातील वापराचे स्वरूप या तीन बाबींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'सिंथेटिक' म्हणजे काय? :

इंजिन ऑइलचा मोठा भाग हा बेस ऑइलचा असतो. उरलेला भाग झीज रोखणाऱ्या व मळ धरून ठेवणाऱ्या रसायनांचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेने बेस ऑइलचे पाच गट केले आहेत. पहिले दोन गट खनिज तेलाचे. तिसरा गटही खनिज तेलापासूनच मिळतो, परंतु उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याच्या रेणूंची रचना बदललेली असते. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा, म्हणजे लहान रेणू जोडून घडविलेल्या तेलाचा. आणि पाचव्यात एस्टर व इतर तेले येतात.

तिसऱ्या गटाला 'सिंथेटिक' म्हणावे काय, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत अमेरिकेत वाद झाला. १९९९ साली तेथील जाहिरातविषयक स्वयंनियमन संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ती प्रथा रूढ झाली. तिसऱ्या गटाचे तेल निकृष्ट असते, असा याचा अर्थ नव्हे. मात्र डब्यावरील 'सिंथेटिक' हा शब्द आत नेमके कोणते तेल आहे हे सांगत नाही, आणि ते आपल्या इंजिनाला योग्य आहे काय, हे तर मुळीच सांगत नाही.

अंकांचा अर्थ :

'५डब्ल्यू-३०' यासारखी श्रेणी तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, दर्शविते. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. ५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे ३० अंश सेल्सियसला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. अंबरनाथमध्ये पारा शून्याजवळही जात नाही. मग पहिला अंक निरर्थक ठरतो काय? पूर्णपणे नाही. २० अंशांच्या सकाळीसुद्धा तेल १०० अंशांच्या तुलनेत दहा पटींहून अधिक दाट असते आणि इंजिन सुरू होताच ते वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचणे आवश्यक असते.

दुसरा अंक तापलेल्या इंजिनासाठी आहे. १०० अंशांना ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, ४० श्रेणीची १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. "आपल्याकडे ऊन कडक, तेव्हा दाट तेल टाका" हा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु तापलेल्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट व पंखा नियंत्रित करतात; बाहेरच्या दहा-बारा अंशांच्या फरकाने तेलाची श्रेणी बदलण्याचे सहसा कारण नसते. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० साठी घडविलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकल्यास तेलाचा प्रवाह मंदावतो व इंधन अधिक लागते. उलट, ४० श्रेणी मागणाऱ्या इंजिनात फार पातळ तेल घातल्यास धातूंमधील तेलाचा पापुद्रा टिकत नाही.

श्रेणीइतकाच तेलाचा दर्जावर्ग महत्त्वाचा आहे. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआयचा 'एसपी' वर्ग मे २०२० पासून आणि 'एसक्यू' वर्ग मार्च २०२५ पासून लागू झाला. टर्बो इंजिनातील अकाली प्रज्वलन आणि टायमिंग चेनची झीज यांच्या चाचण्या 'एसपी'मध्ये समाविष्ट आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर असतो. काजळी जाळता येते, परंतु तेलातील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये साठत जाते. अशा मोटारीत कमी राखेचे तेल न वापरता दुसरे महागडे सिंथेटिक तेल घातले, तरी ते हानिकारकच ठरते.

स्थानिक वापराचा विचार :

दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिनातील पाणी तापते, पण तेल पुरेसे तापत नाही. ज्वलनातून आलेली वाफ व न जळलेले इंधन तेलातच राहते. सीएनजीच्या मोटारींत पाण्याचा प्रश्न अधिक तीव्र असतो. १ किलो मिथेन जळल्यावर सुमारे २.२५ किलो पाणी तयार होते. पेट्रोलमधील ऑक्टेनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १.४ किलो आहे. तेलाच्या झाकणाखाली दिसणारा दुधट थर हे साठलेल्या पाण्याचे लक्षण होय. (सतत लांब प्रवास करूनही तो दिसल्यास शीतकाची गळती तपासावी.) सिंथेटिक तेल ऑक्सिडेशनला अधिक काळ तोंड देते, पण पाणी व इंधन साठणे ते थांबवू शकत नाही. त्यामुळे "सिंथेटिक आहे, दोन वर्षे चालेल" हा समज अल्प अंतराच्या वापरात धोक्याचा आहे. पुस्तिकेतील 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' या सूचनेतील महिन्यांची अट अशा मोटारींना लागू पडते. आठवड्यातून एकदा काटई-बदलापूर मार्गावर सलग अर्धा तास मोटार चालविणेही उपयुक्त ठरते.

२७ जुलै २०१९ च्या उल्हास नदीच्या पुरासारख्या प्रसंगी मोटार पाण्यात बुडाल्यास ती सुरू न करता आधी तपासून घ्यावी आणि तेल व फिल्टर बदलावा, मग तेल कितीही नवे असो.

निवडीचा क्रम :

१. प्रथम वाहनपुस्तिकेतील श्रेणी पाहावी.
२. नंतर त्यातच दिलेला दर्जावर्ग पाहावा. वॉरंटीच्या काळात त्यात बदल करू नये.
३. या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या तेलांमध्येच किमतीची तुलना करावी.
४. डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा आणि तारीख व किलोमीटर नोंदवून ठेवावेत.

समारोप :

काढलेल्या तेलाची जबाबदारीही निवडीचाच भाग आहे. वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा असून, १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम अमलात आले आहेत. शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेख असलेल्या आपल्या शिवमंदिराजवळून वालधुनी वाहते, गटारात ओतलेले तेल अखेर तिच्यात आणि पुढे उल्हास नदीत जाते. तेव्हा जुने तेल कोठे जाते, हा प्रश्न दुरुस्तीगृहात अवश्य विचारावा. डब्यावरच्या मोठ्या शब्दापेक्षा लहान अक्षरांतील अंक वाचण्याची सवय लागली, तर प्राध्यापकाचा पैसा व इंजिन दोन्ही वाचतील.