चाई

डोक्यावरील, दाढीतील, भुवयांतील अथवा शरीराच्या इतर केसाळ भागांतील केस एकाएकी गळून तेथे वाटोळ्या, गुळगुळीत, केशहीन चकत्या पडण्याच्या विकाराला ‘चाई’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये याचे वर्णन ‘इंद्रलुप्त’ या नावाने आढळते. वातासह पित्ताने केस गळतात आणि नंतर रक्तासह कफ केसांची मुळे अडवून धरतो, म्हणून तेथे नवे केस येत नाहीत, अशी त्याची उपपत्ती त्या ग्रंथात दिलेली आहे. रोमन लेखक सेल्सस यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात या प्रकारच्या केसगळतीचे वर्णन केले. डोक्याच्या मागील बाजूने कानांपर्यंत सापासारखी पसरत जाणारी चाई त्यांनी वेगळी नोंदविली व तिचे सर्पवाचक नाव आजही वैद्यकात रूढ आहे.

या विकारात केस गळले, तरी केशपुटके (केस ज्यांतून उगवतात ते त्वचेतील नलिकाकार खळगे) नष्ट होत नाहीत. ती निष्क्रिय होऊन राहतात. त्यामुळे दीर्घकाळानंतरही केस पुन्हा येण्याची शक्यता उरते. सर्व चिकित्सेचा आधार हीच गोष्ट आहे.

कारणे : केसांना किडा लागतो किंवा कीटक रात्री केस खातो, अशी समजूत सर्वत्र आढळते; तिला आधार नाही. चाई हा संसर्गजन्य रोग नाही; एकाच्या कंगव्यावरून, टोपीवरून किंवा उशीवरून तो दुसऱ्यास होत नाही. तो आत्मप्रतिरक्षा विकार आहे, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा शरीराच्याच ऊतकांवर (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांवर) उलटल्यामुळे तो होतो. निरोगी अवस्थेत वाढीच्या टप्प्यातील केसाचे मूळ या यंत्रणेच्या नजरेआड असते. चाईमध्ये हे आवरण ढळते व टी-लसीका कोशिका केसाच्या कंदाभोवती दाटी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या दाटीला मधमाश्यांच्या थव्याची उपमा देतात. इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्यूकीन-१५ या संदेशवाहक प्रथिनांमुळे हा हल्ला चालू राहतो. विकृती कंदापुरती असल्यामुळे केस वाढीच्या टप्प्यातून अकाली बाहेर पडतो व गळतो.

विकाराला आनुवंशिक बैठक असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जीनसंचाच्या तपासणीत प्रतिरक्षेशी संबंधित अनेक जीनांचा चाईशी असलेला संबंध दिसून आला. अवटू ग्रंथीचे विकार, कोड, दमा व बालपणातील इसब हे चाईच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतात. मानसिक ताणाने चाई सुरू झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. तथापि केवळ ताण हे तिचे कारण मानता येत नाही. आयुष्यात केव्हातरी चाई होण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के मानतात. ती स्त्रीपुरुष दोघांनाही व कोणत्याही वयात होते. बहुतेकांत चाळिशीपूर्वी सुरू होते.

लक्षणे व निदान : चकती बहुधा दुसऱ्याच्या, पुष्कळदा न्हाव्याच्याच, प्रथम लक्षात येते. वेदना नसतात, क्वचित किंचित खाज सुटते. चकतीच्या कडेला टोकाशी जाड व मुळाशी बारीक असे आखूड, तुटके केस दिसतात. उद्गारचिन्हासारख्या या केसांवरून विकार पसरत असल्याचे कळते. काळे केस आधी गळतात व पांढरे टिकून राहतात. भरभर पसरणाऱ्या चाईत यामुळे माणूस थोड्याच दिवसांत पांढरा झाल्यासारखा दिसतो. एका रात्रीत केस पिकल्याच्या आख्यायिकांचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. नव्याने येणारे केसही प्रथम पांढरे असू शकतात व नंतर काळे होतात. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात. थोड्या रुग्णांत डोक्यावरील सर्व केस, तर त्याहून थोड्यांत सर्वांगावरील केस जातात.

निदान बहुधा नुसत्या पाहणीने होते. मुलांमध्ये डोक्याच्या गजकर्णाशी गल्लत होऊ शकते. परंतु त्यात कोंड्यासारखे पापुद्रे असतात व केसांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत कवक सापडते. स्वतःचे केस उपटण्याची सवय, उपदंशाची दुसरी अवस्था आणि व्रण ठेवून केशपुटके नष्ट करणारे त्वचारोग यांचाही विचार करावा लागतो.

फलानुमान : एकदोन लहान चकत्या असल्यास एका वर्षाच्या आत आपोआप केस येण्याचे प्रमाण मोठे, सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांपर्यंत, आहे. मात्र विकार पुन्हा उलटण्याची प्रवृत्तीही तितकीच ठळक असते. लहानपणी झालेला आरंभ, मोठ्या भागावरील पसरण, सर्पाकृती प्रकार, नखांतील विकृती, कुटुंबातील चाई व दीर्घ कालावधी यांवरून विकार चिवट ठरण्याचा संभव असतो. आपोआप बरे होण्याच्या या गुणामुळेच चाईवरील कोणत्याही औषधाची परीक्षा अवघड होते. औषध घेतले व केस आले, एवढ्यावरून ते औषधाने आले असे म्हणता येत नाही. त्यासाठी औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना करावी लागते.

चिकित्सा : चाई कायमची नाहीशी करणारे औषध उपलब्ध नाही. उपलब्ध उपाय प्रतिरक्षेचा हल्ला थोपवितात. विकाराची मूळ प्रवृत्ती बदलत नाहीत. वय, चाईचा विस्तार, कालावधी आणि रुग्णाची इच्छा यांवरून उपायाची निवड करतात. विस्तार मोजण्यासाठी डोक्याच्या एकूण पृष्ठभागापैकी किती टक्के भागावरील केस गेले याचा अंक काढतात. निम्मा किंवा त्याहून अधिक भाग केशहीन असल्यास विकार तीव्र समजतात.

(१) वाट पाहणे : चकत्या लहान व अलीकडच्या असल्यास काही महिने औषधाविना थांबणे हाही योग्य पर्याय आहे. रुग्णाला विकाराचे स्वरूप समजावून सांगणे हा त्याचा अविभाज्य भाग होय.

(२) चकतीत अंतःक्षेपण (इंजेक्शन) : प्रौढांतील मोजक्या चकत्यांसाठी हा सर्वांत रूढ उपाय आहे. ट्रायामसिनोलोन ॲसिटोनाइड हे स्टेरॉइड दर मिलि.मध्ये २·५ ते १० मिग्रॅ. या प्रमाणात घेऊन त्याचे अगदी थोडे थोडे थेंब सुमारे १ सेंमी. अंतरावर त्वचेत टोचतात व दर चार ते सहा आठवड्यांनी हे पुन्हा करतात. केस साधारणपणे एकदोन महिन्यांत दिसू लागतात. भुवयांसाठी कमी तीव्रता वापरतात. टोचलेल्या जागी त्वचा पातळ होऊन खळगा पडणे हा मुख्य दुष्परिणाम असून तो बहुधा कालांतराने भरून येतो. सहा महिन्यांत गुण न आल्यास उपाय थांबविणे इष्ट ठरते. वेदनेमुळे लहान मुलांत तो सहसा वापरत नाहीत.

(३) बाहेरून लावण्याची औषधे : मुलांमध्ये क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड असलेले मलम किंवा द्रव ठराविक मुदतीपर्यंत लावतात. मिनॉक्सिडिल केसांची वाढ उत्तेजित करते, पण प्रतिरक्षेचा हल्ला थांबवीत नाही; म्हणून ते जोडऔषध म्हणून देतात. डिथ्रॅनॉल हे त्वचेला क्षोभ पोहोचविणारे द्रव्य थोडा वेळ लावून धुऊन टाकतात. त्याने त्वचा व कपडे डागाळतात.

(४) स्पर्शजन्य प्रतिरक्षा-चिकित्सा : या पद्धतीत मुद्दाम सौम्य अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणारे) इसब निर्माण करतात. डायफेनिलसायक्लोप्रोपेनोन या द्रव्याच्या २ टक्के विद्रावाने त्वचा प्रथम संवेदनशील करतात व नंतर आठवड्यातून एकदा अत्यंत विरल विद्राव लावून त्याचे प्रमाण हळूहळू वाढवितात. आरंभी डोक्याच्या एकाच बाजूस द्रव्य लावतात; त्या बाजूला केस आल्यास गुण औषधाचाच आहे हे कळते. पूर्वी वापरात असलेले डायनायट्रोक्लोरोबेंझीन सूक्ष्मजंतूंवरील परीक्षेत उत्परिवर्तनकारक आढळल्याने मागे पडले. तीव्र इसब, मानेतील लसीका ग्रंथींची सूज व त्वचेच्या वर्णातील बदल हे दुष्परिणाम होतात. सावळ्या वर्णाच्या त्वचेवर काळे वा पांढरे डाग उठून दिसत असल्याने भारतीय रुग्णांत याचा विशेष विचार करावा लागतो.

(५) पोटातून देण्याची रूढ औषधे : झपाट्याने पसरणाऱ्या चाईत स्टेरॉइडे पोटातून किंवा खंडित मात्रांनी देतात. आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस गोळ्या देण्याची पद्धत भारतात बरीच वापरली जाते. केस येतात, पण औषध थांबताच पुष्कळांचे पुन्हा गळतात. दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह, रक्तदाबवाढ, हाडांची ठिसूळता व मुलांची वाढ खुंटणे हे धोके असतात. मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरीन व ॲझाथायोप्रीन ही औषधे निवडक रुग्णांत रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली देतात.

(६) जेनस कायनेज रोधके : संदेशवाहक प्रथिनांचा संदेश कोशिकेच्या आत नेण्याचे काम जेनस कायनेज हे एंझाइम करते. ते अडविल्यास हल्ल्याची साखळी तुटते. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून व मोजक्या रुग्णांतील अनुभवातून हे दिसून आले. त्यानंतर बॅरिसिटिनिब या औषधाची परीक्षा दोन मोठ्या प्रयोगांत मिळून १,२०० तीव्र रुग्णांवर झाली. ३६ आठवड्यांनंतर रोज ४ मिग्रॅ. घेणाऱ्यांपैकी एका प्रयोगात सुमारे ३९ टक्के व दुसऱ्यात सुमारे ३६ टक्के रुग्णांच्या डोक्यावर ८० टक्के किंवा अधिक भाग केसांनी झाकला गेला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६ व ३ टक्के होते. जून २०२२ मध्ये अमेरिकेत त्यास तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. त्यापाठोपाठ तेथे २०२३ मध्ये १२ वर्षे व त्यापुढील वयासाठी रिटलेसिटिनिबला आणि २०२४ मध्ये प्रौढांसाठी ड्युरुक्सोलिटिनिबला मान्यता देण्यात आली.

या आकड्यांची दुसरी बाजूही आहे : सर्वाधिक मात्रा घेऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांना त्या मुदतीत तेवढा गुण आला नाही. औषध थांबविल्यावर बहुतेकांचे केस पुन्हा गळू लागतात. म्हणून ते वर्षानुवर्षे घेण्याची तयारी लागते. मुरुम, घशाचा संसर्ग व रक्तातील मेदवाढ हे परिणाम आढळतात. या वर्गाच्या औषधांबाबत गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृद्‍विकार व कर्करोग यांविषयी इशारा दिलेला आहे. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतासारख्या देशात सुप्त क्षयाची तपासणी केल्याशिवाय ही औषधे सुरू करणे धोक्याचे आहे.

लोकोपचार : चकतीवर लसूण किंवा कांद्याचा रस चोळणे, गुंजेचा लेप देणे व बिब्बा लावणे हे उपाय पूर्वापार चालत आले आहेत. ही सर्व द्रव्ये त्वचेला क्षोभ पोहोचविणारी असून त्यांचे तत्त्व वर दिलेल्या स्पर्शजन्य चिकित्सेशी जुळते. परंतु तेथे द्रव्याची मात्रा मोजून देता येते, तशी येथे येत नाही. बिब्ब्याच्या तेलाने खोल दाह होऊन व्रण राहिल्यास केशपुटकेच नष्ट होतात व आपोआप परत येऊ शकणारे केस कायमचे जातात. म्हणून तो वापरू नये.

मानसिक व सामाजिक बाजू : चाईने जिवाला धोका नसतो, तरी रुग्णाला होणारे दुःख लहान नसते. शाळेत होणारी चेष्टा, लग्न जुळविताना येणाऱ्या अडचणी आणि संसर्गाच्या खोट्या भीतीने लोकांनी धरलेले अंतर यांमुळे चिंता व अवसाद (मनाची दीर्घकालीन खिन्नता) जडू शकतात. विशेषतः स्त्रियांत केस जाणे अशुभ मानण्याच्या समजुतीने हा भार वाढतो. केसांचा टोप, कृत्रिम किंवा गोंदलेल्या भुवया, पापण्यांच्या केसांअभावी डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून चष्मा व उन्हात डोके झाकणे, ही साधने औषधांइतकीच उपयोगी पडतात. टोप वापरून औषध न घेण्याचा निर्णयही रुग्ण विचारपूर्वक घेऊ शकतो. मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी व शिक्षकांनी वर्गातील इतरांना हा विकार लागट नसल्याचे सांगणे, हा कोणत्याही मलमाआधी करावयाचा उपाय होय.